शांतता होईपर्यंत

रत्ना गेल्याचं मनोहरला, तिच्या नवऱ्याला, कंपनीच्या पार्किंग लॉटमध्ये कळलं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, मंगळवार. आधी कॉलेजच्या ऑफिसमधून फोन आला की त्या वर्गात पडल्या आहेत, अँब्युलन्स बोलावली आहे. तो गाडीपाशी पोचला तेव्हा दुसरा फोन आला, हॉस्पिटलमधून. तिथल्या बाईने आधी विचारलं, तुम्ही आत्ता गाडी चालवताय का? तो नाही म्हणाला. मग तिने सांगितलं. मनोहरने किल्ली खिशात ठेवली. हॉस्पिटलला जायचंच आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा काढली.

रत्नाचे विद्यार्थी नंतर घरी भेटायला आले. त्यांच्याकडून कळलं की वर्गात मतदान चालू होतं. दर वर्षी फॉल सेमिस्टरला, फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना, ती वर्गाचीच फ्रेंच सभा करायची. राजाला काढून टाकल्यावर देशाचा कारभार करायला बसलेली ती सभा. चारी बाजूंनी शत्रू आलेत, पॅरिसमध्ये पाव नाही, पश्चिमेकडे बंड झालंय, आता तुम्ही ठरवा, असं ती मुलांना सांगायची. त्या दिवशी ती हात मोजत होती. एक मुलगी म्हणाली, "त्या खाली बसल्या तेव्हा आम्हाला वाटलं खडू पडला असेल. आम्ही हात तसेच वर ठेवले होते. बराच वेळ."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळवून झालं. मुलगी नेत्रा ओहायोतल्या डब्लिनहून गाडी घेऊन निघाली. मुलगा ईशान अ‍ॅन आर्बरहून तासाभरात आला. रत्नाचा मोठा भाऊ शैलेंद्र आणि त्याची बायको नंदा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून रात्रीच्या विमानाने आले. कराडला रत्नाच्या धाकट्या बहिणीला, उल्काला, फोन मनोहरनेच केला. उल्का पहिलं वाक्य बोलली ते असं : "भाऊजी, आईला आत्ता नको."

आईंना उन्हाळ्यात हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला होता. वय एक्याऐंशी. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे उल्काचं बोलणं कुणालाच चूक वाटलं नाही.

अंत्यसंस्कारानंतर शैलेंद्र जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाला, "तुमच्या घरात ती समितीची पद्धत आहे ना? तसंच करू."

ही पद्धत रत्नाने सुरू केली होती. २००१ मध्ये मनोहरची नोकरी गेली तेव्हा. नेत्रा कॉलेजात, ईशान अजून शाळेत, आणि घरात रोज कशावरून तरी वाद. रत्नाने एका रविवारी पोळपाटावर लाटणं आपटून सभा भरवली. म्हणाली, संकट आहे, तेव्हा दोघांची समिती नेमू, खर्चाचं आणि घराचं ती समिती ठरवेल, बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही. पण अधिकार एकच महिना. महिना संपला की पुन्हा मत. पॅरिसमध्ये हेच होतं, ती म्हणाली. तिथली समितीसुद्धा महिन्यासाठीच नेमलेली असायची. सभा दर महिन्याला हात वर करून तिला पुढे चालू ठेवायची, आणि नंतर नंतर हात वर करताना कुणी विचारही करेना. पुढच्या वसंतात मनोहरला नोकरी लागली, आणि समिती बरखास्त करायचंसुद्धा रत्नाने मतदान घेतलं. "तिकडे एवढंच राहून गेलं," असं म्हणून तिने लाटणं धुवून ठेवलं.

ह्या सप्टेंबरमध्ये शैलेंद्र, नंदा आणि नेत्रा यांची समिती झाली. पहिला ठराव, आईंना सध्या सांगायचं नाही. सगळ्यांचे हात वर झाले. मनोहरचाही झाला. त्या दिवशी त्याला जेवायला बस म्हटलं तर बसत होता, आणि हात वर कर म्हटलं तर करत होता.

ऑक्टोबरच्या शेवटी फोनवरूनच मुदत वाढवली. मधल्या काळात उल्काने एक गोष्ट परस्पर केली होती. रत्नाचा फोन येत नाही म्हणून आईंनी दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा तिने सांगून टाकलं की रत्नाला कॉलेजने वर्षभर अभ्यासासाठी पॅरिसला पाठवलंय, तिथून फोन फार महाग पडतो, आणि ती दिवसभर जुन्या कागदांच्या कचेरीत असते. मग फ्रिस्कोला फोन करून भावाला कळवलं. शैलेंद्र भडकला. उल्का म्हणाली, "दादा, तू तिथे, मी इथे. ताट समोर होतं. विचारायला वेळ नव्हता."

रत्ना खरोखरच वीस वर्षं पॅरिसला जायचं म्हणत होती. आई जेवायला लागल्या. गल्लीत सांगू लागल्या. आणि दर रविवारी मनोहरला विचारू लागल्या की माझी मुलगी तिथे नेमकं काय शिकते.

मनोहर गाड्यांच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. रत्नाची पुस्तकं त्याने तीस वर्षांत कधी उघडली नव्हती. आता रविवारी सांगण्यापुरती तो शनिवारी वाचू लागला. त्यातच त्याला उल्काही सापडली. ती सभा आपले सभासद सैन्यात आणि दूरच्या जिल्ह्यांत पाठवायची. त्यांना पूर्ण अधिकार असत, कारण पॅरिसला पत्र लिहून उत्तर येईपर्यंत आठवडा जायचा. त्यांनी आधी करायचं आणि मग कळवायचं.

*

थँक्सगिव्हिंगला सगळे ट्रॉयला मनोहरच्या घरी जमले. रविवारी दुपारी शैलेंद्र आणि नंदाचं विमान होतं, त्यामुळे समितीचं सकाळीच उरकून घ्यायचं ठरलं.

ईशान स्वयंपाकघरात उरलेल्या टर्कीची भुर्जी करत होता. नंदा बाजूला थालीपीठं लावत होती.

"ह्यात हळद किती घातलीस रे?" शैलेंद्रने टेबलावरूनच विचारलं. "पक्षी मेल्यावर त्याला हळद लावतात का?"

"मामा, जस्ट ईट इट."

"रत्नाताई असत्या तर तुला त्या तव्याला हात लावू दिला नसता," नंदा म्हणाली.

"मॉमनेच शिकवलंय मामी. ती म्हणायची, उरलेलं फेकायचं नाही, वेष बदलायचा."

नंदा हसली. मग तिने डोळ्यांना पदर लावायला हात वर नेला आणि आपण ड्रेस घातलाय हे लक्षात येऊन मनगटाने पुसलं.

शैलेंद्रने लाटणं उचलून टेबलावर हलकंच आपटलं. "चला. नेहमीचाच विषय. समिती आणखी एक महिना चालू. हात वर करा, मला बॅगा भरायच्यात."

"लाटणं द्या इकडे, पीठ लागलंय त्याला," नंदा म्हणाली, पण तिचा दुसरा हात वर गेला होता. नेत्राचा कॉफीचा मग हातात होता, तिने तो मगासकटच वर केला. ईशानने पाठमोराच उलथनं उंचावलं.

मनोहरने हात वर केला नाही.

"मनोहरराव?"

"माझं मत विरुद्ध आहे."

"कशाच्या विरुद्ध?"

"समितीच्या. आईंना सांगून टाकायचं. आज. उल्काचा मिस्ड कॉल आला की मी फोन करतोच. तेव्हा."

शैलेंद्रने लाटणं खाली ठेवलं. ते घरंगळत गेलं, नेत्राने अडवलं.

"एकदम आज काय झालं?" शैलेंद्र म्हणाला. "दोन महिने सगळं सुरळीत चाललंय. आईचं बीपी कधी नव्हे ते ताब्यात आहे. उल्का सांगते, सकाळी अंगणात फेऱ्या मारते. ह्या पॅरिसमुळेच."

"सुरळीत चाललंय म्हणूनच म्हणतो. सप्टेंबरात त्यांची तब्येत नाजूक होती. तेव्हा ठीक होतं. आता धोका टळलाय, मग समिती कशासाठी?"

"धोका टळला हे कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आत्ता."

नंदा थालीपीठ उलटताना खुदकन हसली. शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं तशी ती गंभीर झाली.

मनोहर हळूहळू बोलत होता, वाचलेलं आठवून बोलावं तसं. "त्या लोकांचंही तेच झालं. देश खरंच बुडत होता. त्यांनी सगळ्यांना कामाला लावलं. तरुण पोरं सैन्यात, लग्न झालेले हत्यारं घडवायला, बायका तंबू शिवायला. चर्चच्या घंटा वितळवून तोफा केल्या. तळघरांच्या भिंती खरवडून दारूगोळ्याचा सोरा काढला. आणि वर्षभरात शत्रू सरहद्दीबाहेर घालवला. हे त्या समितीने केलं, ते कुणी नाकारत नाही. पण सरहद्द वाचली तरी समिती उठली नाही. उलट पॅरिसमध्ये शेवटच्या दोन महिन्यांत माणसं सगळ्यांत जास्त मारली."

"म्हणजे मी आता माणसं मारतोय?"

"तसं नाही म्हटलं."

"नाही, म्हणजे थालीपीठ खाता खाता मला गिलोटिनवाला केलंत, म्हणून विचारतो." शैलेंद्र हसला, पण त्याचा चेहरा लाल झाला होता. "मनोहरराव, ती माझी आई आहे. सांगितल्यावर तिचं काही बरंवाईट झालं, तर ते कुणाच्या माथी?"

"माझ्या."

"असं नसतं ते."

"रत्नाला हे चाललं नसतं," मनोहर म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे."

ईशानने गॅस बंद केला.

शैलेंद्र खिडकीतून ड्राइव्हवेकडे बघत राहिला. हे कधीतरी निघणार हे त्याला माहीत होतं. १९८९ मध्ये दादा, म्हणजे त्यांचे वडील, गेले तेव्हा रत्ना इथे होती. दोन मुलं सांभाळून चाळिशीत एम.ए. करत होती, आणि तिची तोंडी परीक्षा जवळ आली होती. शैलेंद्र तेव्हा पुण्यात असायचा, दादा गेल्यावर गावी येऊन राहिला होता. त्याने ठरवलं की परीक्षा होईपर्यंत तिला कळवायचं नाही. तीन आठवडे तो फोनवर "दादा झोपलेत", "दादा शेतावर गेलेत" असं सांगत राहिला. ती पास झाली. मग त्याने सांगितलं. ती ओरडेल, रडेल, याची त्याने तयारी ठेवली होती. तिने एवढंच विचारलं, "हे कुणी ठरवलं?" तो म्हणाला, "सगळ्यांनी." ती म्हणाली, "सगळ्यांत मी नव्हते." त्यानंतर दोन वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही.

त्याला अजूनही वाटायचं की आपण बरोबर केलं. ती परीक्षेला बसलीच नसती. ती प्रोफेसर झाली नसती. आणि तरीही त्या दोन वर्षांत दर रक्षाबंधनाला तो टपालपेटी उघडून बघायचा, हे त्याने नंदालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"ती वेगळी गोष्ट होती," तो म्हणाला.

"वेगळी कशी मामा?" नेत्राने विचारलं.

"तुला नाही कळायचं."

"मग समजावून सांगा. मी समितीत आहे."

नेत्रा डब्लिनला विमा कंपनीत होती. कशात किती रिस्क आहे हे काढणं तिचं काम. सप्टेंबरमध्ये तिने मामाची बाजू घेतली ती हिशेब करूनच. आजीचं हृदय, वय, अंतर, जवळ फक्त मावशी. पण आज तिने हात वर केला होता त्याचं कारण वेगळं होतं. मागच्या महिन्यात ती वीकेंडला इथे असताना बाबांचा रविवारचा फोन तिने जिन्यावरून ऐकला होता. बाबा फोनवर म्हणत होते, "रत्ना म्हणते की पावाची किंमत सरकारनेच ठरवून दिली." म्हणते. मग आजी काहीतरी बोलली, आणि बाबा हसले. मॉम गेल्यापासून बाबा हसल्याचं तिने ऐकलं ते तेवढंच. ती आवाज न करता परत वर गेली होती. हे फोन बंद झाले तर ह्या माणसाकडे काय राहील, हा तिचा हिशेब होता.

ती म्हणाली, "बाबा, एक विचारू? रागावू नका. यू लाइक दोज कॉल्स."

"हो," मनोहर म्हणाला.

"खूप?"

"आठवडाभर त्याचीच वाट बघतो."

"मग?"

"मग काय. म्हणूनच थांबवायला हवं. मागच्या आठवड्यात ग्रोसरीत गेलो होतो. चीजपाशी उभा राहून विचार करत होतो की रत्ना तिथे कुठलं चीज खात असेल. पाचेक मिनिटं तरी." त्याने ताटातला तुकडा मोडला. "मी आईंना सांगत नाहीये, असं नाही राहिलं ते. मला स्वतःलाच सांगत नाहीये."

नेत्राने मग खाली ठेवला. "ओके. मी हात मागे घेते."

"असं मध्येच मागे घेता येतं?" शैलेंद्र म्हणाला.

"येतं," ईशान म्हणाला. "मॉमचा रूल. काउंट होईपर्यंत येतं."

"तू गप. तुझी भुर्जी खा."

"मामा, मी पण काढतो." ईशान टेबलापाशी आला. त्याच्या हातात अजून उलथनं होतं. "आजी मला विचारते ना, आईचा फोन येतो का रे. लास्ट वीक मी म्हटलं, येस आजी, शी इज गुड. असंच, पटकन. आय डिडन्ट इव्हन थिंक. फोन ठेवल्यावर मला कळलं, मी काय बोललो. मला परत तसं बोलायचं नाहीये."

शैलेंद्रने बायकोकडे पाहिलं. "नंदा, तू तरी सांग ह्यांना."

नंदाने तव्यावरचं शेवटचं थालीपीठ काढलं, हात धुतले, टॉवेलला पुसले. तिला हे आज बोलायचं नव्हतं. तिने उल्काला तसा शब्द दिला होता. पण दर रविवारी, मनोहरचा फोन झाला की उल्का नंदाला फोन करायची. बाथरूममधून, नळ सोडून. तिची सख्खी बहीण गेली होती आणि तिला स्वतःच्या घरात रडता येत नव्हतं. सुतक पाळलं तर आईला कळेल म्हणून पाळलं नाही. दिवाळीत आई म्हणाली, नवी साडी नेस, रत्ना पॅरिसला गेली त्याचा आनंद आहे, आणि ती नेसली. शेजारच्या बायका पेढे मागायला आल्या. उल्काने पेढे वाटले.

हे सगळं नंदाने सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?" शैलेंद्रने विचारलं.

"तुम्ही काय केलं असतं? समिती भरवली असती."

"नंदा."

"खरंच सांगते. तुम्ही इथे बसून हात वर करायला लावता आणि तिथे ती पोर पेढे वाटते. तिला कुणी विचारलं का? तिचं मत कुठंय ह्यात?" नंदा खुर्चीवर बसली. "माझं मत मनोहररावांना."

शैलेंद्रने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. नेत्राने लाटणं हातात घेऊन मतं मोजली. सांगावं, चार. सांगू नये, एक.

"ठीक आहे," शैलेंद्र म्हणाला. "झालं. पण नीट करू. दिगंबर डॉक्टरांना बोलावून घ्या. आईच्या शेजारीच राहतात. त्यांना घरात बसू दे, गोळी जवळ ठेवू दे. नंदा, उल्काला आधी सांग. आणि मी इथेच बसणार."

"बसा ना," मनोहर म्हणाला. "तुम्ही असलात तर मला बरं."

नंदाने उल्काला फोन लावला. उल्का आधी "आज?" म्हणाली, मग "बरं", मग पुन्हा "आज?" नंदा म्हणाली, डॉक्टरांना चहाला बोलाव. उल्का म्हणाली, त्यांना साखर चालत नाही. नंदा म्हणाली, मग बिनसाखरेचा कर.

मनोहरने फोनचं नवीन कार्ड आणून ठेवलं होतं, म्हणजे मध्येच तुटणार नाही. त्याने ते खरवडून नंबर मोकळा केला. टेबलावरची ताटं कुणी उचलली नाहीत. दिवा लावून झाला की उल्का मिस्ड कॉल द्यायची. फोन एकदा वाजून थांबला.

त्याने स्पीकर लावला आणि सगळे आकडे दाबले.

"काय जावईबापू," आईंचा आवाज खणखणीत आला. "जेवलात का?"

"आई, इथे सकाळ आहे."

"माहितीये हो. तुमच्याकडे मेली कायमची सकाळच असते. शैलू आहे ना तिथे? ऐकतोय?"

"आहे गं आई," शैलेंद्र म्हणाला.

"तुमचा तो टर्कीचा सण झाला का? बरं झालं. इथे दिगंबर डॉक्टर आलेत बघ. उल्काने चहाला बोलावलंय. बिनसाखरेचा चहा पिऊन तोंड वाकडं करून बसलेत. मी म्हटलं, अहो मी ठणठणीत आहे, तुमचंच तपासून घ्या." मागून कुणी पुरुष हसला. "ते जाऊ दे. मनोहरराव, आपण कुठवर आलो होतो?"

मनोहरने टेबलाकडे पाहिलं. "आई..."

"म्हाताऱ्यांचं झालं होतं. म्हाताऱ्यांना चौकात नेऊन बसवायचे, लोकांना धीर द्यायला. ते मला फार आवडलं. मी उल्काला म्हटलं, मलाही ने दत्तचौकात, खुर्ची टाक. मग तुम्ही ते कायद्याचं पुस्तक काढलंत. राज्यघटना. गावोगाव मतं घेऊन पास केली म्हणालात. पुढे?"

"पुढे मोठा उत्सव केला," मनोहर म्हणाला. "घटना मंजूर झाल्याचा. मग ती एका पेटीत ठेवली. देवदाराच्या लाकडाची पेटी. सभेच्या दालनात, सगळ्यांना दिसेल अशी."

"पेटीत कशाला?"

"युद्ध चालू होतं. सभेने ठरवलं की शांतता होईपर्यंत ती लागू करायची नाही. तोवर समितीच कारभार बघेल."

"हं." आई म्हणाल्या. "आमच्या कुंडलकडे बेचाळीसनंतर प्रतिसरकार होतं, तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची. त्यांचं न्यायदान मंडळ बसायचं. आमच्या गोठ्यात बसलेलं मी बघितलंय, पाणी मीच दिलं. भांडण ऐकायचे, निकाल तिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी बांध हलवलेला दिसायचा. पेटी कुणाकडे होती? इंग्रज मागावर, आज इथे तर उद्या उसात. त्यांनी शांतता होईपर्यंत थांबायचं म्हटलं असतं तर काय झालं असतं?"

"बरोबर आहे."

"मग ह्यांची शांतता झाल्यावर काढली का बाहेर?"

"नाही, आई. दुसरी लिहिली."

"आणि ती पेटीतली?"

"ती कधीच लागू झाली नाही."

"अगं बाई. मग मतं कशाला घेतली सगळ्यांची?"

शैलेंद्रने डोळे मिटले होते. नंदाचा हात त्याच्या पाठीवर होता. ईशान उभाच होता. नेत्राने बाबांकडे पाहून मान हलवली, की आता.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचं आहे," मनोहर म्हणाला.

"सांगा की."

"रत्ना..."

"हां. काय म्हणते रत्ना ह्याच्यावर?"

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. डॉक्टर किंवा उल्का, कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिलं असावं, कारण श्वास ऐकू येत होता.

"रत्ना म्हणते," मनोहर म्हणाला, "मतं घेतली होती, म्हणून तरी लोक ती विसरले नाहीत. पुढे कितीतरी वर्षं तीच मागत राहिले."

"तिचं आपलं नेहमीचं. बोलायला कडक, पण असतं खरं." आई खूश होत्या. "तिला सांगा, तिथे थंडी पडली असेल, कान बांधत जा. लहानपणापासून तिचे कान दुखतात. सांगाल ना?"

"सांगतो."

"विसराल."

"नाही विसरत."

"बरं मग. पुढच्या रविवारी." त्यांनी फोन ठेवला. कार्डवर भरपूर मिनिटं शिल्लक असल्याचं एका बाईच्या आवाजाने सांगितलं आणि तोही आवाज बंद झाला.

सांगायचं का राहिलं, हे कुणीच विचारलं नाही. शैलेंद्रनेही विचारलं नाही, आणि ते मनोहरच्या लक्षात राहिलं. शैलेंद्रने उठून ताटं गोळा केली, भुर्जीचं भांडंसुद्धा, आणि सिंकपाशी उभं राहून एकेक धुवायला लागला. नंदाने लाटणं धुवून पुसून खणात ठेवलं. ईशान गाडीवरचं बर्फ काढायला बाहेर गेला.

एअरपोर्टला जाताना गाडीत शैलेंद्र पुढच्या सीटवर होता. उतरताना तो मनोहरला म्हणाला, "तिचे कान खरंच दुखायचे. मी पुडीतून भाजलेला लसूण आणायचो." मग बॅग घेऊन आत गेला.

डिसेंबरच्या शेवटी त्याने फ्रिस्कोहून फोन केला आणि विचारलं, समिती पुढे चालू ठेवायची का. मनोहरने सांगितलं की समिती नोव्हेंबरमध्येच संपली, तिला पुन्हा कुणी नेमलेलं नाही. ठराव चार विरुद्ध एक मताने मंजूर झालेला आहे. आईंना अजून सांगितलेलं नाही.